उलटं धरलं तरी चालणारं इंजिन

संत्र्याची बाग तोडतानाचा आवाज सौसर-पांढुर्ण्याकडच्या माणसाला दुरूनही ओळखू येतो. आधी दोरी ओढल्याचे दोन-तीन कोरडे झटके, मग खोकल्यासारखी फटफट आणि मग एकदम चढत जाणारी किंकाळी. पातं लाकडात शिरलं की आवाज जाडसर होतो, फांदी पडली की पुन्हा मोकळा. डिंक्या रोगाने खाल्लेली बाग कुणी हौसेने तोडत नाही. वर्षानुवर्षं आंबिया-मृग बहार सांभाळलेली झाडं दिवसभरात आडवी होतात. म्हणून चेनसॉचा, म्हणजे आपल्या कटर मशीनचा, तो आवाज मला कधी आवडला नाही.

तोच आवाज एकदा नागपुरात मी डोक्यावरून ऐकला. मैदानावर एक पिवळं विमान गिरक्या घेत होतं. पायपर कब या जुन्या दोनआसनी विमानाची चौथाई आकाराची प्रतिकृती होती ती. मूळ विमानाचे पंख १०.७ मीटर, म्हणजे हिचे जवळपास पावणेतीन मीटर. ती उतरल्यावर मालकाने नाकावरचं झाकण काढून दाखवलं. आत एकच सिलिंडर, त्यावर त्याच ओळखीच्या पट्ट्या, तोच प्लग, तेच चिमुकलं कार्बोरेटर. झाड कापणारं इंजिन विमान ओढत होतं. या इंजिनाचं कुळ शोधावंसं मला वाटलं ते त्या दिवशी.

शोधायला गेलं की पहिल्यांदा हाती लागते ती वजनाची कथा. जर्मनीत एमिल लेर्पने १९२७ मध्ये थुरिंगियातल्या डोल्मार नावाच्या डोंगरावर आपली पेट्रोलवर चालणारी करवत चालवून पाहिली. पुढे कंपनीचं नावही डोल्मारच पडलं. ती करवत ५८ किलोंची होती. दोन गड्यांनी दोन टोकांना धरायची, जशी आपल्याकडे जुनी दोन मुठींची करवत धरत. आंद्रेआस श्टीलचं १९२९ चं मशीन ४६ किलोंचं, सहा अश्वशक्तीचं. एकट्याने उचलावी अशी करवत यायला आणखी वीसेक वर्षं लागली.

वजनापेक्षाही मोठी अडचण होती ती इंजिनाच्या आसनाची. ज्यांनी जुनी बजाज स्कूटर वापरली आहे त्यांना ती चटकन कळेल. स्कूटर सुरू होईना की आपण तिला एका बाजूला तिरकी करत असू आणि मग किक मारत असू. तिरकी केल्याने पेट्रोलची पातळी हलायची. त्या कार्बोरेटरमध्ये एक छोटी वाटी असते आणि वाटीत तरंगणारा फ्लोट. छतावरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलसारखं त्याचं काम : पातळी वर आली की पेट्रोल बंद, खाली गेली की सुरू. ही सगळी व्यवस्था वर म्हणजे वर आणि खाली म्हणजे खाली, या भरवशावर उभी असते. मशीन आडवं केलं की वाटी सांडते आणि इंजिन गुदमरतं. लाकूडतोड्याला मात्र करवत कायम उभी धरून भागत नाही. उभं झाड पाडायला पातं आडवं हवं, पडलेलं खोड कापायला उभं हवं. म्हणून त्या काळच्या काही करवतींत इंजिन सरळ ठेवून फक्त पातं फिरवायची सोय करावी लागे. वजनात वजन.

उपाय सापडला तो पातळ पडद्याचा. पडद्याच्या कार्बोरेटरमध्ये वाटीही नसते आणि फ्लोटही. टू-स्ट्रोक इंजिनाचा दट्ट्या वरखाली होताना क्रँककेसमध्ये हवेचा दाब कमीजास्त होतो. तो धडधडता दाब एका बारीक भोकातून पडद्याच्या एका बाजूला आणतात. पडदा त्या तालावर आतबाहेर होतो आणि पलीकडचं पेट्रोल पंपासारखं खेचतो. दुसरा पडदा सुईची तरफ दाबून हवं तेवढंच पेट्रोल आत सोडतो. गुरुत्वाकर्षणाशी त्याचं देणंघेणं नाही. मशीन आडवं धरा, उलटं धरा, पेट्रोल येत राहतं. चेनसॉला चेनसॉपण दिलं ते साखळीइतकंच या पडद्याने, असं मला वाटतं. (साखळीची गोष्टही सुरस आहे. अमेरिकेतल्या ऑरेगॉनमधला जो कॉक्स लाकूड पोखरणाऱ्या किड्याची अळी न्याहाळत बसला. ती डावीकडे-उजवीकडे चावत जाते हे पाहून १९४० च्या दशकात त्याने करवतीचे दात तसे घडवले. आपल्या बागेतली साल खाणारी अळी पाहून चिडणाऱ्यांनी तिच्या जातभाईंचा हा उपकारही लक्षात ठेवावा.)

इथून कथा आकाशाकडे वळते, आणि ती जागा मला सगळ्यात विलक्षण वाटते. १९४९ मध्ये अमेरिकेत मॅककुलोक कंपनीची ३-२५ ही करवत आली. वजन २५ पौंड, म्हणजे साडेअकरा किलोंच्या आतबाहेर. एका माणसाने दिवसभर वागवावी अशी. याच कंपनीच्या कारखान्यात तेव्हा आणखी एक इंजिन बनत होतं : चार सिलिंडरचं, ७२ अश्वशक्तीचं, बिनवैमानिकाच्या विमानांसाठी. विमानवेधी तोफांच्या नेमबाजांना सराव करायला रेडिओवर उडणारी लक्ष्य-विमानं लागत आणि ती रेडिओप्लेन नावाची कंपनी बनवी. रेडिओप्लेनमागचा माणूस रेजिनाल्ड डेनी. तो हॉलिवूडचा नट, पहिल्या महायुद्धात हवाई दलात काम केलेला आणि खेळण्यातल्या विमानांचा इतका वेडा की त्याने त्यांचं दुकानच काढलं होतं. दुसऱ्या महायुद्धात रेडिओप्लेनची अशी जवळपास १५,००० विमानं बनली. म्हणजे छंदाच्या दुकानातून युद्धाची विमानं निघाली आणि त्यांच्या पुढच्या पिढीला इंजिन पुरवणारा कारखाना करवतीही बनवू लागला. करवतीचं इंजिन पुढे मॉडेल विमानात गेलं, ते परक्या घरी गेलं असं म्हणता येणार नाही. दोन्ही घराणी एका अंगणात वावरलेली होती.

तिकडे छंदाच्या बाजूला काय चाललं होतं? पहिली मॉडेल इंजिनं पेट्रोलचीच होती. १९३० च्या दशकात बिल ब्राउनचं ‘ब्राउन ज्युनियर’ नावाचं दहा सीसीचं इंजिन गाजलं. १९३७ मध्ये वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचं विमान रेडिओवर उडवलं, ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. या इंजिनांना ठिणगीसाठी कॉईल, कंडेन्सर आणि बॅटरी असा संसार पाठीवर घ्यावा लागे. १९४७ मध्ये रे आर्डनने ग्लो प्लग बाजारात आणला आणि तो संसार गेला. प्लगमधली प्लॅटिनमची तार एकदा तापवली की मेथनॉलच्या संगतीने ती धगधगतच राहते, ठिणगी लागतच नाही. पेट्रोल छंदातून जवळपास हद्दपार झालं. मेथनॉल, एरंडेल आणि थोडं नायट्रोमिथेन असं मिश्रण आलं. एरंडेलाचा तो गोडसर जळका वास अजूनही जुन्या मॉडेलवाल्यांना हळवं करतो.

पण विमानं वाढत गेली. रेडिओ भरवशाचे झाले तशी चौथाई आकाराची हौस आली. अमेरिकेतल्या मोठ्या मॉडेलवाल्यांच्या संघटनेने एकपंखी विमानासाठी किमान ८० इंच पंख, दुपंखीसाठी ६० इंच, असं मापच ठरवून टाकलं. अशा धुडाला दहा सीसीचं ग्लो इंजिन पुरत नाही, आणि मोठं ग्लो इंजिन महागडं मेथनॉल घटाघटा पितं. लोकांनी आजूबाजूला पाहिलं. ३५ ते ६० सीसीची, हलकी, हवेवर थंड होणारी, उलटीपालटी चालणारी इंजिनं लाखांनी बनत होती आणि मोडकी झाली की भंगारात पडत होती. १९७० च्या दशकात ३५ सीसीचं ‘क्वाड्रा’ मॉडेलवाल्यांच्या तोंडी झालं. पुढे जर्मन साक्स-डोल्मार करवतीची इंजिनं, अमेरिकी होमलाइट, जपानी झेनोआची जी-३८ आणि जी-६२, सगळी विमानांच्या नाकात जाऊन बसली. तीसेक वर्षांपूर्वी छंदातून गेलेलं पेट्रोल लाकूडतोड्याच्या दाराने परत आलं.

आता रूपांतराची खरी कारागिरी. आधी पातं, साखळी, साखळीला तेल देणारा पंप, दोरीचा स्टार्टर आणि प्लास्टिकचं अंग, सगळं उतरवायचं. मग क्लच. इथे नवखा फसतो, कारण क्लचला बहुधा उलटे आटे असतात. सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवावं लागतं. दट्ट्या जागचा हलू नये म्हणून प्लगच्या भोकातून स्टार्टरच्याच दोरीचा तुकडा आत कोंबतात. दोरीवर दट्ट्या अडतो, धातूला ओरखडा जात नाही. मला ही युक्ती फार आवडते. ज्या दोरीने इंजिन जागं करायचं, तिनेच त्याला घट्ट धरायचं.

मग येतो मॅग्नेट, म्हणजे ज्याच्या कडेला चुंबक बसवलेला असतो ते चाक. करवतीत त्याला दोन कामं : कॉईलसमोरून चुंबक नेऊन ठिणगी पाडायची आणि अंगावरच्या पंख्याने सिलिंडरला वारा घालायचा. विमानात वारा प्रोपेलर देतो, म्हणून मॅग्नेटवरची पाती लेथवर उतरवून वजन कमी करतात. तोल मात्र जराही ढळता कामा नये. काही जण मॅग्नेटच काढून टाकतात आणि बॅटरीवरची इलेक्ट्रॉनिक ठिणगी बसवतात. तिचा फायदा असा की प्रोपेलर हाताने हलकेच फिरवला तरी इंजिन पकडतं. प्रोपेलरसाठी शाफ्टच्या टोकाला नवा हब हवा. त्याचं निमुळतं भोक शाफ्टशी तंतोतंत जुळलं पाहिजे, आणि ते काम लेथवाल्याच्या हाताची परीक्षा पाहतं. करवतीच्या खटक्याच्या जागी सर्व्होची, म्हणजे रेडिओच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या छोट्या मोटरची, दांडी येते. मॅग्नेटची ठिणगी जुन्या रेडिओत खरखर घुसवत असे, म्हणून ती दांडी धातूची नको, नायलॉनची हवी, हा नियम छंदवाले अनेक विमानं गमावून शिकले.

आणि वेगाचा हिशेब. करवत मोकळी मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या आसपास पळते. २२ इंची प्रोपेलर त्या वेगाने फिरवला तर त्याचं टोक सेकंदाला सुमारे ३५० मीटर जाईल, म्हणजे आवाजाच्याही पुढे. तिथे ओढ वाढत नाही, कर्कश गोंगाट वाढतो आणि लाकूड चिरफाळण्याची भीती. म्हणून मोठा प्रोपेलर लावून इंजिनाला सात हजारांवर आणतात. मग टोक सेकंदाला २०५ मीटरवर राहतं. तेव्हाच तो आवाज किंकाळीचा न राहता जुन्या विमानासारखा घुमतो. नागपूरच्या मैदानावर मला तो आधी बागेतला वाटला आणि मग वाटेना, त्याचं कारण हे.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. फिरणारं पातं करवतीच्या साखळीपेक्षा दयाळू नसतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत, मोटारीचं इंजिन लावून स्वतः हेलिकॉप्टर बनवणारा एक तरुण चाचणीच्या वेळी पातं तुटून गेला. हुशारी त्याच्याकडे भरपूर होती. प्रोपेलरच्या रेषेत कुणी उभं राहू नये, पहिल्यांदा सुरू करताना विमान खुंट्यांना बांधावं, चिरलेला प्रोपेलर जोडू नये, मोडून टाकावा. एवढं ज्याला जमणार नाही त्याने हे इंजिन करवतीतच राहू द्यावं. कायद्याचंही पाहावं लागतं. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत दोन ते पंचवीस किलोंमधलं बिनवैमानिकाचं विमान ‘लहान’ वर्गात येतं, आणि असा चौथाई कब त्यातच बसतो. नोंदणी आणि हवाई नकाशातला उड्डाणाला मोकळा असा हिरवा पट्टा पाहिल्याशिवाय तो उडवायचा नाही.

आज तयार पेट्रोल इंजिनं चीनमधून येतात आणि लहान विमानं तर बॅटरीवर गेली. भंगारातली करवत उघडून बसणारे कमी उरले. आमच्याकडे पांढुर्ण्याच्या गोटमारीला, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेला, जाम नदीच्या मधोमध रोवलेल्या पळसाशी आजही कुऱ्हाडच भिडते. बागांत मात्र कटर आहे, गवत कापायचं मशीन आहे, पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप आहे. ही सगळी एकाच कुळाची, बहुतेकांच्या पोटात तोच पडदा. हंगाम संपल्यावर पेट्रोल तसंच ठेवून मशीन कोपऱ्यात उभं केलं की तो कडक होतो आणि पुढच्या वर्षी दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. मग मिस्त्री चार स्क्रू काढतो, काळा वाळलेला पडदा चिमटीत धरून उजेडात पाहतो आणि पुडीतून नवा मऊ पडदा काढून बसवतो. मशीन सुरू झालं की तो ते आधी आडवं धरतो, मग पूर्ण उलटं, आणि आवाज बदलत नाही ना ते कान देऊन ऐकतो.