भस्म्या, खाणावळ आणि भूक नसलेले खाणे

मराठीत भुकेला शब्द पुष्कळ आहेत. भूक लागते, भूक खवळते, पोटात कावळे कोकलतात. आणि एखाद्याचे खाणे संपतच नाही असे दिसले की 'त्याला भस्म्या झालाय' असे म्हणून आपण मोकळे होतो. मात्र भूक नसताना, थांबायची इच्छा असूनही ज्याचा हात थांबत नाही, त्याच्या दुःखाला आपल्या बोलीत नाव नाही. त्याच्या वाट्याला खादाड, हावरा, अधाशी ही दूषणे तेवढी येतात. गिरगाव ते लालबाग या पट्ट्याच्या अन्नेतिहासाच्या आधाराने या उणिवेचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

'भस्म्या'चे मूळ वैद्यकात आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, ग्रहणीच्या अध्यायात, अत्यग्नीचे वर्णन येते. कफ क्षीण होऊन पित्त वायूच्या साहाय्याने प्रखर झाले की अन्न झपाट्याने पचते आणि मग अग्नी शरीराच्या धातूंनाच जाळू लागतो. खाल्ले की रोग्याला बरे वाटते, पचले की तो गळून जातो. त्याला जड, स्निग्ध, थंड आहार द्यावा, म्हशीचे दूध द्यावे, असा उपचार सांगितला आहे. हाच विकार पुढे 'भस्मक' म्हणून ओळखला गेला. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. वैद्याने या माणसाला रोगी मानले, पापी नव्हे. दुसरे असे की त्याची भूक खरी आहे आणि तो खाऊनही वाळत जातो. म्हणजे आपल्यापुढचा प्रश्न हा नव्हेच. बोलीने शब्द उचलला, पण त्यातली अनुकंपा मागेच राहिली.

पुराणकथांचेही तसेच झाले. श्वेतकी राजाच्या यज्ञांतले तूप वर्षानुवर्षे प्राशन करून प्रत्यक्ष अग्नीलाच विकार जडला, त्याचे तेज मावळले, अशी कथा महाभारताच्या आदिपर्वात खांडववनाच्या प्रसंगी येते. आपल्या स्मरणात राहिले ते वृकोदर आणि बकासुर. अतिसेवनाने आजारी पडलेला अग्नी नव्हे. जिलब्यांच्या पैजांचे किस्से पंगतीपंगतीत रंगले. गावदेवीत जन्मलेल्या पु. ल. देशपांड्यांच्या 'माझे खाद्यजीवन'मध्ये खाणारा रसिक म्हणून उभा राहिला. ही परंपरा आनंदाची आहे आणि ती आम्हांला प्रिय आहे. पण रसिकाचे खाणे चारचौघांत, चवीने चालते. ज्याच्याविषयी आम्ही बोलत आहोत तो दार लावून खातो, आणि चव त्याला जाणवतही नाही.

चारचौघांतल्या जेवणाचे या शहरातले मोठे रूप म्हणजे परळ-लालबागची खाणावळ. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार गाळ्यात दाटीवाटीने राही आणि महिन्याच्या बोलीवर एखाद्या बाईकडे जेवे. तीन पाळ्यांच्या भोंग्यांवर चुली पेटत. वेळ ठरलेली, माप ठरलेले, पंगतीला सोबती. या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुष्कळजण गावी परतले, खाणावळींचे उत्पन्न आटले आणि ती पंगत विस्कटली.

या पंगतीचे गोडवे गाताना एक विसरू नये: मापाचे ताट हे बहुधा अपुरे ताट होते, आणि टंचाई पोटाला जे शिकवते ते टंचाई संपल्यावरही टिकते. अमेरिकेतील मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी 1944-45 साली 36 तरुणांवर प्रयोग केला. सहा महिन्यांच्या अर्धपोटी आहारानंतर अन्न मोकळे केले, तेव्हा त्यांतल्या काहींना पोट तुडुंब भरूनही थांबता येईना. अनावर खाण्याचे मूळ पुष्कळदा हावरेपणात नसून वंचनेत असते. ही वंचना गरिबीची असेल किंवा स्वतःहून केलेल्या कडक डाएटची असेल.

मानसोपचाराने हे ओळखायला वेळ घेतला. अल्बर्ट स्टंकर्ड यांनी 1959 साली असे खाण्याचे झटके वर्णिले. अमेरिकन मनोविकार-सूचीत त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान 2013 साली मिळाले. थोड्या वेळात भरमसाट खाणे, स्वतःवरचा ताबा सुटल्याची जाणीव, भूक नसताना खाणे, लाजेने एकट्याने खाणे, नंतर स्वतःची किळस. आणि हे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने. लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब, नैराश्य हे त्याचे सोबती. पण प्रत्येक रोगी लठ्ठ नसतो, आणि प्रत्येक लठ्ठ माणूस असा रोगी नसतो. शिवाय आपल्याकडे देहावरून अनुमान काढणे विशेष फसवे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे छापली: दोघांचा देहभारांक 22.3, पण चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. सडपातळ दिसणारा भारतीय निर्धास्त राहू शकत नाही.

उपचाराचा पहिला धडा काय असावा? उपाशी राहून प्रायश्चित्त घेऊ नका. ठरल्या वेळी, पुरेसे, नियमाने जेवा. त्या जोडीला विचारांचे आणि भावनांचे काम तज्ज्ञाच्या मदतीने करायचे असते. खाणावळीजवळ यातली वेळ होती आणि सोबत होती, पुरेसेपणा नव्हता. आज लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल उभा आहे. तेथे अन्न अमाप आहे, पण वेळेचा भोंगा नाही आणि पंगतही नाही.

साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांनी यात का पडावे? कारण ज्याचे दुःख भाषेत केवळ विनोद म्हणून नांदते, तो दवाखान्यात साखर तपासून घेतो, पण आपण कसे खातो हे सांगत नाही. आम्ही 'अनावर खाणे' हा साधा शब्द सुचवतो. तो दूषण देत नाही आणि हसतही नाही. चरकाच्या वैद्याने अत्यग्नीच्या रोग्याला जेवढे दिले, तेवढे तरी आपण या माणसाला देऊ.