चौदाव्या वळणावरचा पोर्तुगीज

फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या घाटात २१ वळणं आहेत. आकडे वरून खाली मोजतात. म्हणजे सायकलपटू पायथ्याशी आला की पाटी दिसते २१, आणि माथ्याजवळ पोचला की १. टूर द फ्रान्समध्ये हा घाट ज्यांनी जिंकला त्यांची नावं या वळणांना दिलेली आहेत. १४व्या वळणावर जोआकीम अगोस्तिन्यो या पोर्तुगीज शेतकऱ्याच्या मुलाचा अर्धपुतळा आहे.

टूर द फ्रान्स हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ‘व्होल्ता आ पोर्तुगाल’ क्वचितच कुणी ऐकलेलं असतं. ‘व्होल्ता’ म्हणजे फेरी. पोर्तुगालची ही फेरी १९२७ साली सुरू झाली, शेजारच्या स्पेनच्या फेरीच्या आठ वर्षं आधी. या शर्यतीचा आणि तिथल्या संघांचा इतिहास वाचताना एक प्रश्न सतत समोर येतो. ज्या देशात सायकल शर्यतीवर लोकांचा इतका जीव होता, त्या देशातल्या सर्वांत चांगल्या सायकलपटूंना मोठं होण्यासाठी देश का सोडावा लागला?

वर्तमानपत्रांनी काढलेली शर्यत

आधी हा खेळ चालतो कसा ते बघू. टप्प्यांच्या शर्यतीत रोज एक नवा रस्ता असतो. कधी सपाट, कधी घाटाचा, कधी प्रत्येकाने एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायचं. रोजचा वेळ जोडत जायचा. ज्याचा एकूण वेळ सगळ्यांत कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. बक्षीस एकाला मिळतं, पण खेळ संघाचा असतो. पुढे चालणारा वारा अडवतो आणि मागच्याचे कष्ट वाचतात. म्हणून संघातले बाकीचे गडी दिवसभर आपल्या म्होरक्यापुढे वारा खातात, मागच्या गाडीतून त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणतात, वेळ आली तर स्वतःचं चाक काढून त्याला देतात.

अशा शर्यती वर्तमानपत्रांनी जन्माला घातल्या. फ्रान्सची फेरी १९०३ साली आणि इटलीची १९०९ साली सुरू झाली, त्या खप वाढवायलाच. पोर्तुगालमध्ये ‘दियारियु द नोतिसियश’ आणि ‘उश स्पोर्ट्स’ या वर्तमानपत्रांनी १९२७च्या वसंतात तेच केलं. सुमारे दोन हजार किलोमीटर, तेही बऱ्याचशा मातीच्या, धुळीच्या रस्त्यांवरून. कार्काव्हेलोशचा आंतोनियु आउगुश्तु द कार्व्हाल्यो पहिला विजेता ठरला.

याच्या वर्षभरच आधी, मे १९२६ मध्ये, पोर्तुगालमध्ये लष्करी उठाव होऊन लोकशाही संपली होती. काही वर्षांत सत्ता सालाझारच्या हाती गेली आणि जवळपास अर्धं शतक देशावर हुकूमशाही राहिली. देश गरीब होता. अर्ध्याहून जास्त लोकांना वाचता येत नव्हतं. वर्तमानपत्र न वाचू शकणाऱ्या माणसाच्या दारावरून मात्र वर्षातून एकदा शर्यत जात असे, फुकट. फुटबॉल बघायला लिस्बन किंवा पोर्तुला जावं लागे. व्होल्ता स्वतः चालून गावात यायची.

लाल जर्सी, हिरवी जर्सी

पहिल्या फेरीनंतर तीन वर्षं शर्यत झालीच नाही. १९३१ साली ती पुन्हा सुरू झाली आणि पुढची चार वर्षं दोन नावांनी व्यापली. जुझे मारिया निकोलाउ आणि आल्फ्रेदु ट्रिंदाद. निकोलाउ धिप्पाड, बेनफिका क्लबच्या लाल जर्सीत. ट्रिंदाद लहानखुरा, पुढे स्पोर्टिंग क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांत. दोघेही एकाच तालुक्यातले, कार्ताशुचे. १९३१ आणि १९३४ निकोलाउने जिंकली, १९३२ आणि १९३३ ट्रिंदादने.

बेनफिका आणि स्पोर्टिंग हे दोन्ही लिस्बन शहरातले क्लब. पण आज पोर्तुगालच्या अगदी कोपऱ्यातल्या गावातही त्यांचे कट्टर चाहते सापडतात, आणि त्यात या दोन सायकलपटूंचा वाटा मोठा आहे असं तिथे मानतात. टीव्ही नव्हता, फुटबॉल संघ गावोगाव फिरत नव्हते. गावकऱ्याने बेनफिकाची लाल जर्सी पहिल्यांदा पाहिली ती बहुतेकदा सायकलवर. बेनफिकाचं बोधचिन्ह कधी नीट बघा. गरुडाखाली सायकलचं चाक आहे. १९०८ साली जे दोन क्लब एकत्र येऊन बेनफिका झाला, त्यातल्या एकाचा मुख्य खेळ सायकलिंग होता.

फ्रान्स-इटलीत हळूहळू संघ कारखान्यांचे झाले. सायकली, टायर, फ्रीज विकणाऱ्यांचे. पोर्तुगालमध्ये ते क्लबांचेच राहिले: बेनफिका, स्पोर्टिंग, पोर्तु, सांगाल्युश. यामुळे खेळाला न मागता निष्ठा मिळाली, कारण लोक क्लबावर प्रेम करायचेच. पण तोटाही झाला. क्लबांचा खरा जीव फुटबॉलमध्ये होता. पैसे कमी पडले की सगळ्यांत आधी सायकलिंगचा विभाग बंद व्हायचा. आणि संघाची सगळी नजर एकाच शर्यतीवर, ऑगस्टमधल्या व्होल्तावर. बाहेर जाऊन जगाशी टक्कर घ्यायची गरज कुणाला वाटत नव्हती. सांगाल्युशचा आल्व्हेश बार्बोझा तीन वेळा व्होल्ता जिंकला आणि १९५६च्या टूर द फ्रान्समध्ये दहावा आला. असं करणारा तो पहिला पोर्तुगीज. पण त्याच्यामागून रांग लागली नाही.

१९६९

अगोस्तिन्योचा जन्म १९४३ सालचा, तोर्रेश व्हेद्राशजवळच्या एका खेड्यातला. घरी शेती. विशीत तो शर्यतीत नव्हता, मोझांबिकमध्ये सैनिक होता.

इथे त्याची गोष्ट आपल्या गोष्टीला स्पर्श करते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. त्याच वर्षी अंगोलात पोर्तुगालविरुद्ध बंड सुरू झालं होतं, १९६४ मध्ये ते मोझांबिकमध्ये पोचलं. वसाहती सोडायच्या नाहीत हा सालाझारचा हट्ट, आणि त्याची किंमत मोजायला खेड्यापाड्यांतली तरुण पोरं बोटीने आफ्रिकेत. तोर्रेश व्हेद्राशच्या उत्तरेला त्याच किनाऱ्यावर पेनिशचा किल्ला आहे. गोव्याचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा तिथे कैदेत होते. लिस्बनजवळच्या कशियाशच्या किल्ल्यात मोहन रानडे होते. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये, गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर. पहिला विजेता कार्व्हाल्यो ज्या कार्काव्हेलोशचा, ते तिथून काही किलोमीटरवर. शर्यतीचे रस्ते आणि तुरुंगाच्या भिंती एकाच किनाऱ्यावर होत्या. हुकूमशाहीतला खेळ म्हणजे काय, हे समजायला एवढा भूगोल पुरतो.

सैन्यातून परतल्यावर अगोस्तिन्यो पंचविशीच्या उंबरठ्यावर शर्यतीत उतरला. या खेळात ते फार उशिरा. १९६८ साली तो स्पोर्टिंगकडून व्यावसायिक झाला. त्याच वर्षी ब्राझीलमधल्या एका शर्यतीत जाँ द ग्रिबाल्दी या फ्रेंच संघचालकाने त्याला पाहिलं आणि फ्रान्सला नेलं. गर्दीत सायकल चालवायचं कसब त्याला कधीच नीट जमलं नाही. तो खूप पडायचा. पण ताकद अशी की, १९६९च्या उन्हाळ्यात आपल्या पहिल्याच टूरमध्ये त्याने दोन टप्पे जिंकले आणि आठवा आला. एडी मर्क्सने पहिल्यांदा जिंकलेली टूर ती हीच.

त्या वर्षांत पोर्तुगालमधून लाखो माणसं फ्रान्सकडे निघाली होती. काही कागदपत्रं घेऊन, पुष्कळ चोरून डोंगर ओलांडून. गरिबी होती, आणि आफ्रिकेतलं युद्धही टाळायचं होतं. १९७५च्या जनगणनेत फ्रान्समध्ये सात लाखांहून जास्त पोर्तुगीज मोजले गेले. इमारती बांधणारे, घरकामाला जाणाऱ्या, पॅरिसच्या कडेला झोपडपट्टीत राहणारे. टूरच्या रस्त्याकडेला उभं राहून त्यांना आपल्यासारखाच रापलेल्या चेहऱ्याचा, मोडकं फ्रेंच बोलणारा माणूस युरोपातल्या सर्वोत्तमांच्या बरोबरीने जाताना दिसायचा. अगोस्तिन्यो त्यांच्यासारखाच पोटासाठी परदेशी आलेला होता.

अकरा सेकंद

घरची व्होल्ता त्याने १९७०, १९७१ आणि १९७२ अशी सलग तीनदा जिंकली. खरं तर रस्त्यावर पाचदा. १९६९ आणि १९७३ मध्येही तो पहिला आला होता, पण उत्तेजकांच्या चाचणीत दोषी ठरला आणि विजय दुसऱ्यांना गेले. हे लपवून त्याची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. त्या पिढीतल्या पुष्कळ मोठ्या नावांपुढे असे डाग आहेत.

१९७४ची स्पेनची फेरी २३ एप्रिलला सुरू झाली. २५ एप्रिलला लिस्बनच्या रस्त्यांवर रणगाडे आले, सैनिकांच्या बंदुकांच्या नळीत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोवली आणि एका दिवसात हुकूमशाही कोसळली. अगोस्तिन्यो तेव्हा स्पेनमध्ये सायकल चालवत होता. देशाच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा दिवस, आणि देशाचा सगळ्यांत मोठा खेळाडू परक्या रस्त्यावर! ती शर्यत तो ११ सेकंदांनी हरला, होझे मान्वेल फुएन्तेकडून. तीन आठवड्यांच्या शर्यतीत ११ सेकंद!

पुढच्या वर्षी क्रांतीच्या धामधुमीत व्होल्ता झालीच नाही. अगोस्तिन्यो फ्रान्समध्ये पळत राहिला. १९७८ आणि १९७९ मध्ये टूरमध्ये तिसरा आला. १५ जुलै १९७९ला, ३६व्या वर्षी, आल्प द्युएझच्या माथ्यावर एकटाच पोचला. तेच ते १४वं वळण.

कार्तेराचा रस्ता

१९८४ साली, ४१ वर्षांचा असताना, तो पुन्हा स्पोर्टिंगच्या जर्सीत होता. दक्षिणेतली आल्गार्व्हची फेरी, ३० एप्रिल. पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर. कार्तेरा गावात शेवटची रेषा काहीशे मीटरवर असताना रस्त्यात कुत्रा आला. अगोस्तिन्यो पडला, डोकं आपटलं. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, तेव्हा ते सक्तीचं नव्हतं. तो उठला, पुन्हा सायकलवर बसला आणि साथीदारांच्या आधाराने रेषा ओलांडली.

मग डोकं दुखू लागलं. कवटीला इजा झाली होती. आल्गार्व्हमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती. लिस्बन जवळपास ३०० किलोमीटर, आणि जायचं ते रुग्णवाहिकेतून, रस्त्याने. आज त्या मार्गावर द्रुतगती महामार्ग आहे, तो पूर्ण झाला २००२ साली. दहा दिवस बेशुद्धीत काढून १० मे १९८४ला अगोस्तिन्यो गेला.

कुत्र्याची गोष्ट सगळे सांगतात, कारण ती विचित्र आहे. पण कुत्रे सगळीकडेच आडवे येतात. त्या दिवशी जे नव्हतं ते एक इस्पितळ आणि एक बरा रस्ता. देशाचा सर्वांत लाडका खेळाडू देशातच पडला, आणि देशाकडे त्याला वाचवायची साधनं जवळ नव्हती. ज्या कारणांनी लाखो लोक फ्रान्सला गेले, त्याच कारणांचा हा शेवटचा हिशोब होता.

दोनच महिन्यांनी त्याचा स्पोर्टिंग-रापोझेरा संघ त्याच्याविना टूर द फ्रान्सला गेला. पाचव्या टप्प्यात तिघे जण पुढे निसटले आणि संघातला पाउलु फेरेरा तो टप्पा जिंकला. पोर्तुगीज क्लबाच्या जर्सीत, फ्रान्सच्या रस्त्यावर. असं पुन्हा सहज घडायचं नव्हतं. १९८०च्या दशकातच मोठ्या क्लबांनी एकेक करून सायकलिंग सोडलं.

जे गेले ते आणि जे राहिले ते

टूरची पिवळी जर्सी घालणारा पहिला पोर्तुगीज १९८९ साली दिसला, आसासियु दा सिल्व्हा. जन्म उत्तर पोर्तुगालमधल्या मोंतालेग्रचा, पण वाढला लक्झेंबर्गमध्ये, स्थलांतरितांचा मुलगा म्हणून. त्या वर्षी टूर लक्झेंबर्गमधूनच सुटली होती. त्याने जर्सी मिळवली ती त्याच गावांत, जिथे त्याच्यासारख्या हजारो पोर्तुगीज कुटुंबांनी घरं केली होती.

देशात मागे राहिलेली व्होल्ता आजही ऑगस्टमध्ये होते. सेर्रा दा एश्त्रेलाच्या १९९३ मीटर उंच तोर्रवर आणि मोंदी द बाश्तुच्या सेन्योरा दा ग्रासा देवळापाशी लोक उन्हात तासन्‌तास उभे राहतात. त्यांत सुट्टीवर आलेले फ्रान्सचे आणि लक्झेंबर्गचे पोर्तुगीजही असतात. पण संघ बहुतेक देशीच, व्यावसायिक सायकलिंगच्या तिसऱ्या पायरीवरचे. उलट फेब्रुवारीत होणाऱ्या छोट्याशा आल्गार्व्ह फेरीला जगातले मोठे संघ येतात, कारण हिवाळ्यात तिथे ऊन असतं.

बंद दाराआड काय कुजतं तेही दिसलं. २०१६ साली पोर्तु क्लब एका देशी संघाशी जोडला जाऊन परत आला आणि त्या संघाने व्होल्तामागून व्होल्ता जिंकल्या. एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी उत्तेजकांसाठी छापे घातले आणि जुलैत आंतरराष्ट्रीय संघटनेने संघाचा परवाना काढून घेतला. विजेत्यांच्या यादीतली नावं खोडली गेली. त्या संघाचा दिग्दर्शक स्वतः २००९ सालचा विजेता होता, आणि तोही विजय उत्तेजकांमुळेच काढून घेतला गेला होता. वर्षभराची भाकरी एकाच शर्यतीवर अवलंबून असली आणि पाहणारे सगळे घरचेच असले की, असं होणं फार अवघड नसतं.

आणि तरीही त्या मातीतून माणसं निघतात. रुई कोश्ता २०१३ साली विश्वविजेता झाला. जुआंव आल्मेदा २०२०च्या इटलीच्या फेरीत १५ दिवस आघाडीच्या गुलाबी जर्सीत होता, २०२३ मध्ये तिथेच तिसरा आला, २०२५ मध्ये स्पेनच्या फेरीत दुसरा. तो काल्दाश दा रायन्याजवळचा, म्हणजे अगोस्तिन्योच्या गावापासून तासाभराच्या अंतरावरचा. तोही परदेशी संघांतूनच मोठा झाला. फरक इतकाच की, आता जाण्यासाठी रात्री डोंगर ओलांडावा लागत नाही, आणि तो परत येतो तेव्हा आल्गार्व्हपर्यंत नीट रस्ता असतो.