गिरिशिखरावरील वीज : एका पूर्वसूचनेचा इतिहास

पर्वतारोहणाचा इतिहास बहुधा शिखरविजयांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्याच शिखरांवर विजेचे स्वरूप मानवाला कसकसे उमगत गेले, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. युरोपातील पर्वतांपुरता त्याचा मागोवा घेतला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते : धोक्याची खूण प्रथम हाती आली, तिचा अर्थ मात्र फार सावकाश उलगडला.

१७५२ च्या मे महिन्यात पॅरिसजवळील मार्ली येथे फ्रँक्लिनच्या सूचनेनुसार उंच लोखंडी कांब उभारण्यात आली व तीतून ठिणग्या काढण्यात आल्या. मेघांतील वीज आणि प्रयोगशाळेतील विद्युत् एकच, हे त्यावरून सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्झबर्ग येथे अशाच प्रयोगात रिखमान या शास्त्रज्ञाचा बळी गेला. या पार्श्वभूमीवर १७६७ साली जिनीव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ द सोस्यूर हा सहकाऱ्यांसह माँ ब्लाँसमोरील ब्रेव्हाँ या शिखरावर चढला. डोक्यावर मेघ जमले असता उंचावलेल्या बोटांना झिणझिण्या येऊ लागल्या. एका सहकाऱ्याच्या टोपीवरील सोनेरी गुंडीतून गुणगुण ऐकू येऊ लागली. प्रथम हा साऱ्यांना कौतुकाचा विषय वाटला. परंतु जोर वाढताच मंडळी शिखर सोडून थोडी खाली उतरली आणि तो प्रकार थांबला. शिखर व त्याखालचा उतार यांतील हा भेद या वृत्तान्ताचा खरा लाभ होय.

या गुणगुणीचे कारण आता सुस्पष्ट आहे. विद्युद्भारित मेघ जवळ आला, की भूमीवरील उंच व अणकुचीदार भागांभोवती विद्युत्क्षेत्र अतिशय तीव्र होते आणि तेथून हवेत विद्युत् स्रवू लागते. केस उभे राहणे, कुऱ्हाडीचे पाते गुणगुणणे, काठीच्या टोकाशी निळसर प्रभा दिसणे ही त्याचीच रूपे होत. १८९५ च्या जून महिन्यात स्कॉटलंडमधील बेन नेव्हिसशेजारच्या कार्न मोर डिअर्ग या शिखरावर सी. टी. आर. विल्सन यांचे केस असेच उभे राहिले. ते तत्काळ खाली धावले. वातावरणातील विद्युतेच्या अभ्यासाकडे ते पुढे वळले, त्यामागे हा प्रसंग होता.

विसाव्या शतकात कुतूहलाची जागा मापनाने घेतली. स्वित्झर्लंडमधील मोंते सान साल्वातोरे या टेकडीवरील मनोऱ्यांवर कार्ल बेर्गर यांनी अनेक वर्षे विजेच्या प्रवाहांची नोंद केली. कित्येक विजा मेघातून खाली न येता मनोऱ्याच्या टोकापासून वर झेपावतात, हे त्यांच्या नोंदींतून दिसून आले. उंच टोक विजेची केवळ वाट पाहत नाही; कित्येकदा ते तिला जन्मही देते.

तथापि ज्ञान वाढले म्हणून संकट टळले नाही. पोलंडच्या तात्रा पर्वतातील १,८९४ मीटर उंचीच्या गिएवोंत शिखरावर १९०१ साली उभारलेला लोखंडी क्रूस आहे. माथ्याजवळ आधारासाठी साखळ्या आहेत. २२ ऑगस्ट २०१९ रोजी दुपारी तेथे वीज कोसळली. दोन मुलांसह चौघे मृत्युमुखी पडले आणि शंभराहून अधिक जण जखमी झाले. अशा आघातात वीज एकाच व्यक्तीवर पडून संपत नाही. ती खडकातून व साखळ्यांतून पसरते, आणि दोन पावलांमधील विद्युद्दाबाचा फरकही शरीरातून प्रवाह वाहवण्यास पुरेसा ठरतो. धातू विजेला दुरून ओढून आणतो, हा समज चुकीचा आहे. निर्णायक असते ती उंची व एकाकीपणा. परंतु हाती धरलेली साखळी प्रवाह वाहून नेते, हेही तितकेच खरे. उथळ गुहेचे तोंड वा कड्याखालची कपार आसऱ्याची वाटते. तेथे तर प्रवाह छतावरून थेट माणसात उडी घेऊ शकतो.

या इतिहासाचे तात्पर्य साधे आहे. शिखरावर विजेपासून पूर्ण सुरक्षित असे आसन किंवा साधन नाही. उपाय आहे तो वेळेचा. उन्हाळ्यातील मेघ बहुधा दुपारी दाटतात, म्हणून सकाळीच माथा गाठून परतावे. गडगडाट ऐकू येताच माघार घ्यावी, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत पुन्हा वर जाऊ नये. गुणगुण ऐकू आली, तर ती माघारीची अखेरची सूचना समजावी. सोस्यूरची मंडळी खाली उतरली ती अनुभवाने. त्यामागचे शास्त्र दीड शतकाहून अधिक काळाने पुरे झाले. पण आज ते शास्त्र ठाऊक असूनही माथ्यावर रेंगाळणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही.