दंतभय : विशेष गरजांच्या मुलांमधील

स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम अशा अवस्था असलेल्या मुलांना दातांच्या उपचाराची वाटणारी तीव्र भीती. पहिल्या तीनही अवस्था भारताच्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत आहेत. मूल तोंड उघडत नाही, किंचाळते, खुर्चीवरून उतरू पाहते, आणि ‘ऐकतच नाही’ असा शेरा मिळतो. हा शेरा अन्यायाचा आहे. यातली बरीचशी भीती मुलाच्या स्वभावातून येत नाही. दवाखान्याची पहिली ओळखच दुखऱ्या दाढेने होते, तिथे ती रुजते.

ती ओळख दुखण्यातूनच का होते, याची कारणे तोंडातच दिसतात. सेरेब्रल पाल्सीत जीभ आणि गाल नीट हलत नाहीत, त्यामुळे घास गिळल्यावरही भाताची शिते गालाच्या कोपऱ्यात तासन्‌तास राहतात. फिट येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनने काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. गोड सिरप रात्री झोपताना पाजले आणि चूळ राहिली, तर साखर रात्रभर दातांवर बसते. डाउन सिंड्रोममध्ये दात उशिरा येतात आणि हिरड्यांचा आजार कमी वयात गाठतो. त्यात ब्रशचे केसच ज्याला बोचतात, त्याचे दात घासणे ही घरातली रोजची झटापट होते. मग दवाखाना आठवतो तो गाल सुजल्यावर, आणि पहिल्याच भेटीत सुई टोचावी लागते.

दवाखान्याची जागाही या भीतीत भर घालते. डोळ्यांवर येणारा दिवा, मोटरची शिटी, लवंगेच्या तेलाचा उग्र वास आणि अचानक मागे झुकणारी खुर्ची हे सारे स्वमग्न मुलावर एकाच वेळी कोसळते. इस्राएलमध्ये मिशेल शापिरो व सहकाऱ्यांनी मंद प्रकाश, लयबद्ध संगीत आणि अंगाला हलका घट्ट दाब देणारे वेष्टन अशी खोली करून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांची अस्वस्थता कमी झालेली आढळली. अभ्यास लहान होता, तरी खोली बदलली की मूल बदलते, एवढे त्यातून दिसते. ‘सांगा, दाखवा, करा’ ही १९५९ पासूनची पद्धतही याच वाटेची आहे. फिरता ब्रश आधी मुलाच्या नखावर टेकवायचा, मगच दातावर. न बोलणाऱ्या मुलासाठी ‘सांगा’च्या जागी चित्रे येतात.

गर्दीच्या सरकारी दवाखान्यात इतका वेळ कोण देणार, हा आक्षेप खरा आहे. पण तयारीचा मोठा भाग घरीच होतो : खुर्चीचे, आरशाचे फोटो रोज दाखवणे, दहा आकडे मोजेपर्यंत तोंड उघडे ठेवण्याचा खेळ. पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या आत, काहीही दुखत नसताना झाली, तर ती पाच मिनिटांत आटोपते. पूर्ण भूल देऊन सगळे एकदाच उरकावे, असेही म्हटले जाते. बऱ्याच दाढा किडल्या असतील आणि इतर उपाय थकले असतील, तर भूल हाच दयाळू मार्ग असतो. मात्र भुलेखाली मूल काही शिकत नाही, घरचा ब्रशही तसाच राहतो, आणि पुन्हा कीड लागली की पुन्हा भूल. दाबून धरणे तर त्याहून महागात पडते, कारण ती पकड मूल विसरत नाही. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात ठेवण्याची जुनी रीत अमेरिकेच्या बालदंतवैद्यक अकादमीने २००६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांतून काढून टाकली.

भीती घालवायला वेळ लागतो, कीड तोवर थांबत नाही. अशा वेळी ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड उपयोगी पडते. ड्रिल नाही, सुई नाही. किडलेला भाग पुसून, कोरडा करून त्यावर थेंब लावला की कीड बहुधा थोपते. तो भाग कायमचा काळा पडतो. पालकांना तसा दात आधी फोटोत दाखवून मगच संमती घ्यावी, विशेषतः पुढच्या दातांसाठी.