कोलारचें सोनें आणि कोलारची धूळ

आजच्या कर्नाटकाच्या पूर्व सीमेजवळील कोलार हें नांव मराठी माणसास परकें नाहीं. हा मुलूख एके काळीं शहाजीराजांच्या जहागिरींत होता. परंतु जगास कोलार ठाऊक झालें तें तेथील सोन्यामुळें. त्या सोन्याचा हिशेब पुष्कळांनीं मांडला आहे. त्यासाठीं माणसांनीं व भूमीनें काय दिलें, हा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

१८०२ सालीं लेफ्टनंट वॉरन या अधिकाऱ्यास गांवकऱ्यांनीं माती धुऊन सोन्याचे कण काढून दाखविले. पुढें १८७५ सालीं मायकेल लॅव्हेल यानें खाणींचा परवाना मिळविला, आणि १८८० नंतर लंडनच्या जॉन टेलर आणि सन्स या मंडळीच्या हातीं हा धंदा भरभराटीस आला. १९०२ सालीं कावेरीवरील शिवसमुद्रम् येथील वीज सुमारें ९२ मैल लांबीच्या तारांतून खाणींवर आली. बंगलोरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ सालीं! म्हैसूर दरबारास स्वामित्वधन मिळे. नफा विलायतेंतील भागधारकांकडे जाई.

जमिनीखालीं उतरणारे बहुतेक मजूर उत्तर अर्काट, चित्तूर वगैरे भागांतून आलेले असत. त्यांपैकीं पुष्कळ जण अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होते. जमीनदाराच्या वेठीपेक्षां खाणींतील रोख मजुरी त्यांस बरी वाटली, हें विसरून चालणार नाहीं. पण वर साहेबांचे बंगले व क्लब, आणि खालीं तट्ट्यांच्या एकेका खोलींत सबंध कुटुंब, असा तेथील संसार होता. १९३० सालीं बोटांचे ठसे घेण्याच्या सक्तीविरुद्ध याच मजुरांनीं मोठा संप केला.

चँपियन रीफ ही खाण अखेरीस दहा हजार फुटांहून खोल गेली. तेथें खडक तापलेला असे, आणि वरच्या भारानें तो अकस्मात् फुटून माणसें गाडलीं जात. त्याहून मोठा शत्रु डोळ्यांस दिसत नसे. दगड फोडतांना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस नांवाचा असाध्य रोग जडे. १९४० नंतरच्या दशकांत साडेसात हजारांहून अधिक मजुरांची तपासणी झाली, तेव्हां दर दहांमागें चारांहून अधिकांस तो जडलेला आढळला.

जमिनीचीही गत निराळी झाली नाहीं. दगडाचें पीठ करून, सायनाइडच्या पाण्यांत सोनें विरघळवून घेत आणि उरलेला गाळ बाहेर टाकीत. त्याच्या करड्या टेकड्या झाल्या. त्यांत तीन कोटी टनांहून अधिक माल सांचला आहे. वारा सुटला कीं ती धूळ घरांत व शेतांत जाते; पावसाच्या ओघळांबरोबर ती नाल्यांत उतरते.

१९५६ सालीं राज्य सरकारनें खाणी ताब्यांत घेतल्या. पुढें त्या केंद्राकडे गेल्या. परंतु सोनें विरळ होत गेलें, खर्च वाढला, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजीं काम थांबलें. एकूण सुमारें आठशे टन सोनें निघालें होतें. खाणकामगारांच्या वस्तींतील हजारों माणसें त्यानंतर पोटासाठीं रोज आगगाडीनें बंगलोर गांठूं लागलीं.

सोनें थोडक्या जागेंत मावतें. तें दूर देशीं सहज जातें. धूळ व रोग मात्र जेथल्या तेथें राहतात. म्हणून खाण उघडण्याचा करार होतांनाच ती बंद होईल त्या दिवसाची तरतूद झाली पाहिजे. कोलारच्या करारांत ती नव्हती, आणि त्याची किंमत तेथील लोक अद्याप देत आहेत.