बिनव्याजी बॅलन्स ट्रान्सफर : हिशेब आणि अटी

एका क्रेडिट कार्डाची थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर वळविण्याच्या सोयीस ‘बॅलन्स ट्रान्सफर’ म्हणतात. भारतात अशा थकबाकीवर बहुधा दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे ४२ टक्के व्याज पडते; त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. समजा, ६०,००० रुपये थकले, तर एका महिन्याचे व्याज २,१०० आणि कर ३७८ रुपये होतो. हीच रक्कम दोन टक्के शुल्क देऊन सहा महिन्यांच्या बिनव्याजी मुदतीवर वळविल्यास करासह एकदाच १,४१६ रुपये लागतात आणि दरमहा १०,००० रुपये भरून मुद्दल फिटते.

मात्र केवळ किमान देय रक्कम भरत राहिल्यास मुदत सरताच उर्वरित रकमेवर नेहमीचा दर लागू होतो. थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसही सहसा मिळत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातलेली ३० टक्के व्याजाची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केली. तो आधारही आता उरलेला नाही. जुने कार्ड रिकामे झाले म्हणून पुन्हा वापरल्यास एकाची दोन कर्जे होतात. हस्तांतरण म्हणजे कर्जमुक्ती नव्हे. ती फेडीसाठी मिळालेली सवड होय.