सुबाभूळ विषारी आहे का?

मी जनावरांच्या पोटातल्या जिवाणूंवर पीएचडी करते हे कळल्यापासून गावाकडून फोन येत असतात. परवा मामाचा आला. "शेळ्यांना वर्षानुवर्षं सुबाभूळ घालतोय, काही होत नाही. पोरीच्या सशांना तोच पाला घातला तर केस गळायला लागले. आता हे झाड विषारी म्हणायचं की नाही?"

प्रश्न भारी आहे. शास्त्रज्ञही यात बरीच वर्षं अडकले होते.

सुबाभूळ मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेतली. झपाट्याने वाढते, पाल्यात प्रथिनं भरपूर. आपल्याकडे उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंनी आणि त्यांच्या 'बायफ'ने तिचा खूप प्रसार केला. पण पाल्यात, त्यातही कोवळ्या शेंड्यांत, मिमोसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते केसांच्या मुळाशी होणारं पेशींचं विभाजन रोखतं. घोड्याने हा पाला खाल्ला तर आयाळ आणि शेपटीचे केस झडतात.

रवंथ करणाऱ्या जनावरांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे रुमेनमध्ये, जिवाणू मिमोसिनचं डीएचपी नावाच्या पदार्थात रूपांतर करतात. सुटले म्हणावं, तर हे डीएचपी थायरॉइडच्या कामात अडथळा आणतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये सुबाभळीवर चरणाऱ्या गुरांना त्यामुळे गलगंड व्हायचा, वजन वाढायचं नाही. हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला पोटभर खाऊन ठणठणीत!

झाड तेच, मग फरक कुठे? रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने 1981 साली मांडलं, की फरक रुमेनमधल्या जिवाणूंत असावा. मग हवाईच्या शेळ्यांमधले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या रुमेनमध्ये सोडले गेले, आणि तीही डीएचपी मोडायला लागली. जोन्स आणि मेगॅरिटी यांचा हा निबंध 1986 चा. मला तो फार आवडतो. विषावरचा उतारा म्हणून औषध नाही, तर दुसऱ्या शेळीच्या पोटातले रहिवासी! 1992 मध्ये त्यातल्या एका जिवाणूचं बारसं झालं: सिनर्जिस्टिस जोन्सिआय. आडनाव जोन्स यांचंच.

म्हणूनच 'विषारी झाडांची यादी' कुणी पाठवली की मी आधी विचारते, यादी कुठल्या जनावरासाठी?

मामाच्या शेळ्यांच्या पोटात असेच कुणीतरी रहिवासी असणार. तरी नव्या शेळीला हळूहळू सवय लाव आणि एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त सुबाभूळ घालू नकोस, असं त्याला सांगितलं.

"मग सशांना पण पाज की तुझे जिवाणू!"

"मामा, सशाला रुमेनच नसतं. त्याच्या पोटात मिमोसिन आधी रक्तात उतरतं. पाला आजच बंद कर, केस येतील परत. हराळी घाल त्यांना."